काळ्या विजेत्याची फिल्म आणि गोऱ्यांचा कायदा

३१ जुलै १९१२ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या सहीने एक छोटासा कायदा अस्तित्वात आला. मुष्टियुद्धाची फिल्म लोकांना दाखवण्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे किंवा परदेशातून अमेरिकेत आणणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत सक्तमजुरी अशी शिक्षेची तरतूद झाली. टेनेसीचे प्रतिनिधी सिम्स यांच्या नावाने हा कायदा ओळखला जातो. त्यात काळा किंवा गोरा असा शब्द कुठेही नाही. वर्ण नाही, वंश नाही. वाचणाऱ्याला वाटेल की मारामारीची दृश्ये पाहून पोरेबाळे बिघडू नयेत, म्हणून चार सज्जनांनी केलेला हा कायदा आहे.

आम्हा वकिलांना एक सवय असते. कायदा हातात आला की भाषा नंतर वाचायची, आधी तारीख बघायची. मुष्टियुद्धाच्या फिल्म्स अमेरिकेत १८९७ पासून गावोगाव चालत होत्या. पंधरा वर्षे त्या पाहून कोणाची नीती बिघडली नाही. मग १९१२ सालीच अशी कोणती आग लागली? उत्तर एकाच माणसाच्या नावात आहे : जॅक जॉन्सन, जगाचा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता.

जॉन्सनची गोष्ट सांगणारे त्याचे सोन्याचे दात सांगतात, भरधाव मोटारी सांगतात, त्याच्या गोऱ्या बायका सांगतात. त्यात खोटे काही नाही. पण या सगळ्या झगमगाटात त्याच्या हिशेबाची वही कोणी उघडत नाही. ठोसा कोणी मारला हे सगळ्यांना ठाऊक असते. त्या ठोशाचे चित्र कोणाच्या मालकीचे झाले आणि ते कोणी कोणाला दाखवायचे हे कोणी ठरवले, याची चर्चा होत नाही. मुष्टियुद्धाचा खरा पैसा तिथेच आहे. तो १९१० सालीही तिथेच होता आणि आज मोबाइलच्या पडद्यावर लढती दिसू लागल्या तरी तिथेच आहे.

जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावी झाला. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. पोराची शाळा थोडक्यात आटोपली आणि बंदरावरच्या अंगमेहनतीच्या कामात त्याचा दंड तयार झाला. १९०१ मध्ये जो चोयन्स्की नावाच्या अनुभवी ज्यू मुष्टियोद्ध्याने त्याला गॅल्व्हेस्टनमध्ये तिसऱ्याच फेरीत आडवा केला. टेक्सासात बक्षिसाची लढत बेकायदा असल्याने पोलिसांनी दोघांनाही उचलून तुरुंगात टाकले. तिथले तीन-साडेतीन आठवडे जॉन्सनच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे ठरले. ज्याने पाडले त्यानेच कोठडीत त्याला शिकवले. इतक्या चपळ माणसाने ठोसे खाण्याची गरजच नाही, हा त्या शिकवणीचा सारांश. पुढे जॉन्सन लढला तो असाच : मागे सरत, समोरच्याचा ठोसा हवेत जिरवत, त्याला दमवत, आणि मग हसत हसत फटकावत. त्याच्या हसण्याचा राग गोऱ्या प्रेक्षकांना त्याच्या ठोशांपेक्षा जास्त आला.

१९०३ मध्ये तो कृष्णवर्णीयांचा हेवीवेट विजेता झाला. होय वाचकहो, पंगत वेगळी होती. जगज्जेतेपद एक आणि काळ्यांचे विजेतेपद दुसरे. जगज्जेता जेम्स जेफरीज याने विजेता असताना काळ्याशी लढायला नकार दिला आणि १९०५ मध्ये तो अपराजित म्हणून निवृत्त होऊन शेती करू लागला. या नकाराला त्या देशात वर्णरेषा म्हणत. वर्णरेषेचा आर्थिक अर्थ समजून घेतला पाहिजे. विजेतेपदाची लढत ही दुकानातली सर्वांत महाग वस्तू. ती विकायची कोणाला हे गोरा विजेता आणि त्याचा आयोजक ठरवणार. काळा योद्धा कितीही चांगला असो, तो या बाजारात उतरूच शकत नव्हता. फार तर आपल्याच माणसांशी पुन्हा पुन्हा, थोड्या पैशांत लढायचे.

आणि उतरू दिलेच, तर कोणत्या भावाने? १९०६ साली नेवाडातील गोल्डफील्ड या खाणीच्या गावी टेक्स रिकार्ड नावाच्या माणसाने पहिली मोठी लढत भरवली. रिकार्ड हा जुगाराच्या अड्ड्याचा मालक. बक्षिसाची सोन्याची नाणी त्याने लोकांना दिसतील अशी मांडून ठेवली आणि देशभर बोलबाला केला. लाइटवेट विजेता जो ग्यान्स हा कृष्णवर्णीय, आव्हानवीर बॅटलिंग नेल्सन गोरा. बेचाळीस फेऱ्यांनंतर ग्यान्स जिंकला. विजेता तो, जिंकला तो, आणि पैसे? ग्यान्सला ११ हजार डॉलर, हरलेल्या नेल्सनला त्याच्या जवळजवळ दुप्पट. करारच तसा होता. ग्यान्ससमोर दुसरा पर्याय नव्हता, म्हणून त्याने सही केली. करारस्वातंत्र्य नावाची जी मोठी गोष्ट आम्हाला विधी महाविद्यालयात शिकवली, तिचे हे प्रात्यक्षिक म्हणावे असे आहे.

जॉन्सनने हे सारे पाहिले होते. नवा विजेता टॉमी बर्न्स हा कॅनडाचा. जॉन्सन त्याच्या मागे लागला, इंग्लंडला गेला, तिथून ऑस्ट्रेलियाला. शेवटी ह्यू मॅकिंटॉश नावाच्या आयोजकाने बर्न्ससमोर ६ हजार पौंड ठेवले तेव्हा बर्न्सची वर्णरेषा विरघळली. जॉन्सनला १ हजार पौंड. २६ डिसेंबर १९०८, सिडनी. चौदाव्या फेरीत बर्न्सची अवस्था पाहून पोलिसांनी लढत थांबवली आणि त्याच वेळी कॅमेरेही थांबवले गेले. गोरा विजेता काळ्या माणसाच्या ठोशाने कोसळतो, हे दृश्य पडद्यावर उमटू नये म्हणून. निकाल बदलता येत नव्हता, पण निकालाचे चित्र अडवता येत होते. सिम्स कायद्याचे बीज मला त्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यात दिसते.

या धंद्याचे गणित इथे थोडे थांबून पाहू. १८९७ मध्ये नेवाडातील कार्सन सिटी येथे कॉर्बेट आणि फिट्झसिमन्स यांची लढत झाली तेव्हा सबंध लढत फिल्मवर घेतली गेली. दीड तासाहून मोठी ती फिल्म शहराशहरांत दाखवली गेली आणि दारावरच्या तिकिटांपेक्षा जास्त कमाई तिने केली. तिथून आयोजकांचे डोळे उघडले. मैदानात फार तर वीस हजार माणसे बसणार. फिल्म मात्र रोज नव्या गावात नवी तिकिटे खपवणार. शिवाय अनेक राज्यांत लढत भरवणे बेकायदा होते, पण लढतीची फिल्म दाखवणे बेकायदा नव्हते. म्हणजे लढत कुठल्यातरी वाळवंटात उरकायची आणि कमाई न्यूयॉर्क, शिकागोत करायची. करारात बक्षिसाच्या रकमेखाली आता एक नवे कलम आले : फिल्मच्या हक्कात कोणाचा किती वाटा.

जॉन्सन जगज्जेता होताच गोऱ्या वृत्तपत्रांत एकच हाकाटी सुरू झाली. कादंबरीकार जॅक लंडन सिडनीला रिंगणाजवळ बसला होता. त्याने जेफरीजला शेत सोडून परत येण्याचे जाहीर आवाहन केले. समाजवादी म्हणवणाऱ्या या लेखकाला त्या दिवशी कष्टकऱ्याचे पोर दिसले नाही, फक्त त्याचा रंग दिसला. जेफरीजला पुन्हा उभे करणे ही गोऱ्या वंशाच्या अब्रूची गोष्ट झाली, आणि अब्रू म्हटले की तिची किंमत चढते हे टेक्स रिकार्डने बरोबर ओळखले.

डिसेंबर १९०९ मध्ये न्यू जर्सीतील होबोकेन येथे बोली उघडल्या. रिकार्ड आणि त्याचा भागीदार ग्लीसन यांची बोली सर्वांत वरची ठरली : १ लाख १ हजार डॉलर आणि शिवाय फिल्मच्या हक्कातील दोन तृतीयांश वाटा दोन्ही योद्ध्यांना. सही करताना प्रत्येकी १० हजार डॉलर वेगळे. आजवर एवढी रक्कम कोणी ऐकली नव्हती. बक्षिसाची वाटणी पुढे जिंकणाऱ्याला साठ टक्के आणि हरणाऱ्याला चाळीस टक्के अशी ठरली. लक्षात घ्या, आता रंगावर वाटणी नाही, निकालावर आहे. सिडनीत सहास एक या प्रमाणात जगणारा जॉन्सन दोन वर्षांच्या आत कागदावर तरी गोऱ्याच्या बरोबरीला आला होता. कोणाच्या दयेने नव्हे. विजेतेपद त्याच्या हातात होते, त्याच्याशिवाय ही वस्तू विकताच येत नव्हती.

लढत सॅन फ्रान्सिस्कोत व्हायची होती. धर्मोपदेशकांचा दबाव वाढला आणि कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने ऐन वेळी बंदी घातली. रिकार्डने बाडबिस्तरा उचलून नेवाडातील रेनो गाठले आणि काही दिवसांत लाकडी मैदान उभे केले. ४ जुलै १९१०, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. पंचेचाळीस फेऱ्यांची लढत ठरलेली, पंच म्हणून स्वतः रिकार्ड. रिंगणाभोवती फिल्म कंपन्यांचे कॅमेरे. या लढतीपूर्वीच दोघांनी आपापला फिल्मचा वाटा रोख पैशांत विकून टाकला होता. जॉन्सनला त्याचे ५० हजार डॉलर मिळाले, जेफरीजला त्याहून अधिक, असे त्या वेळच्या हिशेबांतून दिसते. खरेदी करणाऱ्यांचा हिशेब सरळ होता. जेफरीज जिंकला तर फिल्म सोन्याची खाण, जॉन्सन जिंकला तर ती कोण बघणार?

पंधराव्या फेरीत जेफरीज आयुष्यात प्रथमच खाली पडला. उठला, पुन्हा पडला. त्याच्या माणसांनी रिंगणात धाव घेतली आणि खेळ संपला.

त्या काळी रेडिओ नव्हता. पण थेट प्रक्षेपण नव्हते असे मात्र म्हणू नका. रेनोहून तारा सुटत होत्या, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर हजारो माणसे उभी होती आणि फेरीफेरीचे वर्णन मोठ्याने वाचून दाखवले जात होते. शिकागोच्या पेकिन थिएटरात जॉन्सनची आई बसून आपल्या लेकाची लढत अशी ऐकत होती. निकाल आला आणि काळ्या वस्त्यांत आनंदाला उधाण आले. त्याच रात्री देशभरात गोऱ्यांच्या टोळ्यांनी त्या वस्त्यांवर हल्ले केले. कुठे कोणी मोठ्याने जॉन्सनचे नाव घेतले म्हणून, कुठे कोणी हसला म्हणून. डझनाहून अधिक माणसे मेली, बहुतेक काळी. एका काळ्या माणसाने ठरलेल्या नियमांनी, ठरलेल्या रिंगणात, गोऱ्या पंचासमोर जिंकल्याची ही किंमत दुसऱ्या काळ्या माणसांनी मोजली. आपल्या वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि आता या दंगलींचे कारण कोण ठरले? दंगलखोर नव्हे, फिल्म. ख्रिस्ती युवक संघटनांनी मोहीम उघडली, शहरामागून शहरे आणि राज्यांमागून राज्ये बंदी घालत गेली. दक्षिण आफ्रिकेतही बंदी आली. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे स्वतः मुष्टियुद्धाचे जुने शौकीन. त्यांनीही लेख लिहून अशा फिल्म्स थांबवाव्यात असे मत दिले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जॉन्सन आणि इंग्रज योद्धा बॉम्बार्डियर वेल्स यांची लढत ठरली, तेव्हा गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती होऊ दिली नाही. विरोधकांचे म्हणणे असे की साम्राज्यातल्या काळ्यासावळ्या प्रजेवर याचा वाईट परिणाम होईल. ही प्रजा म्हणजे आफ्रिकेतील लोक, आणि अर्थातच आपले आजे-पणजेही. हिंदुस्थानातल्या माणसाने गोरा पडताना पाहू नये याची काळजी लंडनला होती.

४ जुलै १९१२ रोजी न्यू मेक्सिकोत जॉन्सनने जिम फ्लिनला हरवले आणि सत्तावीस दिवसांत सिम्स कायद्यावर सही झाली. सभागृहात या विधेयकाची तरफदारी करणारे जॉर्जियाचे प्रतिनिधी रॉडनबेरी यांनी आपल्या भाषणात रंगाचा मुद्दा लपवलाही नाही. हेच गृहस्थ त्याच वर्षी डिसेंबरात काळ्या-गोऱ्यांच्या विवाहावर राज्यघटनेनेच बंदी घालावी अशी दुरुस्ती घेऊन उभे राहिले, कारण जॉन्सनने तेव्हा ल्यूसिल कॅमेरॉन या गोऱ्या मुलीशी लग्न केले होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जॉन्सन साधुसंत नव्हता. त्याची आधीची पत्नी एट्टा हिला त्याने मारहाण केली होती, आणि सप्टेंबर १९१२ मध्ये शिकागोत तिने स्वतःला गोळी घातली. हे वकिली करून झाकण्यासारखे नाही. दुसरे असे की विजेता झाल्यावर त्यानेही आपल्यापरीने वर्णरेषा पाळली. सॅम लँगफर्ड, जो जेनेट असे उत्तम काळे योद्धे दारात उभे असताना त्यांना त्याने विजेतेपदाची संधी दिली नाही. काळ्याशी काळा लढला तर गल्ला भरत नाही, हे त्याचे गणित. १९१३ मध्ये पॅरिसला जिम जॉन्सन या कृष्णवर्णीय योद्ध्याशी तो लढला तेवढा अपवाद. लँगफर्ड पुढे आंधळा झाला आणि हार्लेममध्ये दारिद्र्यात दिवस काढत राहिला. वर पोचलेल्या माणसाने शिडी ओढून घेण्याचा हा प्रकार आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे कोणी म्हणू नये.

पण सरकारने त्याच्यावर खटला भरला तो या कशासाठीही नाही. व्यभिचारासाठी स्त्रियांची राज्याबाहेर वाहतूक रोखणारा मान कायदा १९१० मध्ये आला होता, तो वेश्याव्यवसायाच्या दलालांसाठी. त्यात आधी ल्यूसिलचे प्रकरण लावून पाहिले, ती साक्ष देईना; मग बेल श्रायबर ही जुनी मैत्रीण शोधून काढली. मे १९१३ मध्ये सर्व गोऱ्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. एक वर्ष एक दिवस कैद, एक हजार डॉलर दंड. त्याचे शिकागोचे कॅफे आधीच बंद पडले होते. जॉन्सन जामिनावर असताना कॅनडामार्गे फ्रान्सला निसटला. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी आपल्या क्रायसिस या मासिकात लिहिले की आक्षेप मुष्टियुद्धाला नाहीच, त्याच्या काळेपणाला आहे. याच डुबॉइसना पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या आणि निग्रोंच्या स्थितीतील साम्याविषयी पत्र लिहिले होते. जॉन्सन पळाला त्याच उन्हाळ्यात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले.

परदेशात जॉन्सनची कमाई आटली. जून १९१४ मध्ये पॅरिसला फ्रँक मोरनशी लढला, जिंकला, पण बक्षिसाची रक्कम बँकेत अडकली आणि महायुद्ध पेटले. तो पैसा त्याच्या हाती कधी आला नाही. ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे जेस विलार्ड या साडेसहा फुटी गोऱ्याने त्याला सव्विसाव्या फेरीत पाडले. आपण पैसे घेऊन मुद्दाम हरलो, असे जॉन्सन पुढे सांगत असे. फार थोड्यांनी त्यावर विश्वास ठेवला. सदतीस वर्षांचा माणूस भर उन्हात सव्वीस फेऱ्या लढतो, तो मुद्दाम हरण्यासाठी, हे मलाही पटत नाही.

यानंतर जे घडले ते कायद्याच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावे असे आहे. आता गोरा जिंकला होता, फिल्म बघायला अवघी गोरी अमेरिका उतावीळ होती, आणि फिल्म होती क्युबात! आयात करायला गेले तर जॉन्सनसाठी केलेला कायदा आडवा आला. फिल्मवाले सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९१५ मध्ये वेबर विरुद्ध फ्रीड या खटल्यात न्यायालयाने सांगितले की परदेशी व्यापारावर काँग्रेसचा अधिकार पूर्ण आहे, आणि कायद्यामागचा हेतू तपासणे हे न्यायालयाचे काम नव्हे. (कायदेमंडळाचा हेतू बघायचा नसतो हे सूत्र आपल्या न्यायालयांतही ऐकू येते. ज्यांच्याविरुद्ध हेतू असतो त्यांना मात्र तो न तपासता दिसतो.) मग १९१६ मध्ये एका कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला अगदी कॅनडाच्या सीमेवर तंबू टाकला. फिल्म कॅनडाच्या हद्दीत, कॅमेरा अमेरिकेच्या हद्दीत, मध्ये काही इंचांचे अंतर. पलीकडून उजेड सोडायचा आणि अलीकडच्या कोऱ्या फिल्मवर चित्र उतरवून घ्यायचे. वस्तू सीमा ओलांडत नाही, फक्त प्रकाश ओलांडतो, तेव्हा आयात कसली, असा युक्तिवाद. न्यायालयाने तोही फेटाळला. चित्र आले म्हणजे आयात झाली. उपग्रहाने येणाऱ्या चित्राचा मालक कोण आणि ते कोणत्या देशाच्या हद्दीत येते, हा वाद पुढे जगभर गाजला; त्याची पहिली सुनावणी या तंबूवर झाली म्हणायला हरकत नाही.

जॉन्सन गेल्यावर रिकार्ड आणखी मोठा झाला. २ जुलै १९२१ रोजी जर्सी सिटीत त्याने जॅक डेम्प्सी आणि जॉर्ज कार्पेंटिए यांची लढत भरवली, तिकिटांचा गल्ला प्रथमच दहा लाख डॉलरच्या पुढे गेला आणि लढतीचे वर्णन रेडिओवरून गेले. सिम्स कायदा तेव्हाही जिवंत होता. पण आता रिंगणात दोघेही गोरे होते. मग काय झाले? फिल्म बिनदिक्कत राज्याराज्यांत नेली गेली, पकडले तर दंड भरला गेला, आणि एकदा फिल्म पोचली की दाखवण्यावर केंद्राच्या कायद्यात बंदी नव्हतीच. १९२७ च्या डेम्प्सी-टनी लढतीपर्यंत हाच शिरस्ता झाला. जो कायदा काळ्या विजेत्यासाठी भिंत होता, तो गोऱ्या विजेत्याच्या फिल्मसाठी नुसता टोलनाका उरला. हॅरी विल्स हा काळा आव्हानवीर मात्र वर्षानुवर्षे डेम्प्सीची वाट पाहत राहिला. करार झाले, मोडले, लढत झालीच नाही. जॉन्सननंतर हेवीवेट विजेतेपदासाठी काळ्या माणसाला रिंगणात उभे राहायला बावीस वर्षे लागली. १९३७ मध्ये जो लुई आला, तेव्हाही गोऱ्या विजेत्या ब्रॅडॉकच्या व्यवस्थापकाने ही संधी देण्याच्या बदल्यात आयोजक माइक जेकब्सकडून पुढच्या दहा वर्षांच्या हेवीवेट विजेतेपदाच्या लढतींच्या नफ्यातील दहावा हिस्सा लिहून घेतला. प्रवेशाची ही पावती होती. १९४० मध्ये सिम्स कायदा रद्द झाला. त्यासाठी पुढाकार घेणारे सिनेटर बार्बर हे तरुणपणी स्वतः हौशी मुष्टियोद्धे होते, आणि जॉन्सनला पाडील असा गोरा म्हणून त्यांचेही नाव एकेकाळी पुढे केले गेले होते.

जॉन्सन १९२० मध्ये परत येऊन शरण गेला, लेव्हनवर्थ तुरुंगात शिक्षा भोगून जुलै १९२१ मध्ये सुटला. म्हणजे डेम्प्सीच्या त्या दहा लाखांच्या लढतीच्या दिवशी तो गजाआडच होता. पुढची पंचवीस वर्षे त्याने मिळेल ते केले. जो लुईला शिकवायची त्याची इच्छा होती. लुईच्या माणसांनी त्याला दारात उभे केले नाही. त्यांनी लुईला सांगून ठेवले होते की गोऱ्याला हरवल्यावर हसायचे नाही, गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही. म्हणजे जॉन्सन व्हायचे नाही. न्यूयॉर्कच्या ४२ व्या रस्त्यावर ह्यूबर्टच्या म्युझियममध्ये पिसवांची सर्कस चाले, तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकांना जॉन्सन आपल्या लढतींच्या गोष्टी सांगत बसे. रेनोची फिल्म जगाने पाहिली, तिच्यातून त्याला एकदाच पैसे मिळाले, लढतीच्या आधी. आता तीच लढत तो तोंडाने सांगून पोट भरत होता.

१० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलायनात फ्रँकलिंटनजवळ त्याची मोटार रस्ता सोडून खांबावर आदळली. रस्त्यावरच्या खानावळीत काळा म्हणून नीट वागवले नाही, त्या संतापात तो भरधाव निघाला होता असे सांगतात. त्याला रॅलेच्या काळ्यांच्या रुग्णालयात नेले आणि तिथे तो गेला. नऊ दिवसांनी, १९ जूनला, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जो लुई आणि बिली कॉन यांची लढत झाली. हेवीवेट जगज्जेतेपदाची दूरचित्रवाणीवर दिसलेली ती पहिली लढत.

तिथून पुढे यंत्रे बदलत गेली, भांडण तेच राहिले. १९६६ मध्ये मुहम्मद अली आणि त्याच्या साथीदारांनी मेन बाउट नावाची कंपनी काढली, थिएटरांत तारेने दाखवल्या जाणाऱ्या लढतींचे हक्क आपल्या लोकांच्या हाती राहावेत म्हणून. अलीने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तोंड उघडताच शिकागोची लढत रद्द झाली, ती टोरांटोला न्यावी लागली, थिएटरांनी माघार घेतली, आणि १९६७ मध्ये विजेतेपद काढून घेतल्यावर कंपनीच संपली. २००० साली अमेरिकेने अलीच्याच नावाने कायदा केला. लढतीतून आपल्याला किती पैसा मिळणार हे आयोजकाने योद्ध्याला सांगितलेच पाहिजे, आणि योद्ध्याच्या व्यवस्थापकाचे व आयोजकाचे हितसंबंध वेगळे राहिले पाहिजेत, ही त्यातली कामाची कलमे. फ्लॉइड मेवेदर याने २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर मोजून आपल्या आयोजकाच्या करारातून स्वतःला सोडवून घेतले आणि स्वतःच आयोजक झाला. २०१५ च्या मे महिन्यात तो मॅनी पॅकियाओशी लढला तेव्हा अमेरिकेत ४६ लाख घरांनी पैसे भरून ती लढत पाहिली. जॉन्सनने आधीच विकलेला वाटा मेवेदरने आपल्याकडे ठेवला, दोघांच्या कमाईतला मोठा फरक इथे आहे.

पण मेवेदर एखादाच. एचबीओने २०१८ अखेर मुष्टियुद्ध सोडले, शोटाइमने २०२३ अखेर. आता लढती इंटरनेटवरून येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने जेक पॉल आणि अठ्ठावन्न वर्षांच्या माइक टायसनची लढत कोट्यवधी घरांत नेली, सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनेलो आणि क्रॉफर्डची. इथे प्रत्येक लढतीला वेगळे तिकीट नाही, महिन्याची वर्गणी भरली की सगळे त्यातच. प्रेक्षकाला हे स्वस्त पडते. मात्र या एका लढतीमुळे किती वर्गणीदार आले, तिची किंमत किती, हे कंपनी सांगेल तेवढेच. तिकिटांचा गल्ला मोजता येतो, वर्गणीतला ठोशाचा वाटा योद्ध्याने कसा मोजायचा? आणि नेमक्या याच वेळी, २०२५ मध्ये, अली कायद्यात बदल करणारे विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये मांडले गेले. एकाच संस्थेला लढती भरवायच्या, क्रमवारी लावायची आणि विजेतेपदेही द्यायची मुभा त्यात आहे, आणि अशा संस्थेशी करार करणाऱ्या योद्ध्यांचा आजवरच्या हिशेब उघड करण्याच्या कलमांचा आधार कमी होईल अशी टीकाकारांची हरकत आहे. योद्ध्याला वाटले तर जुन्या पद्धतीने लढावे, नव्याने लढावे, त्याची मर्जी, असे समर्थक म्हणतात. १९०६ साली गोल्डफील्डला जो ग्यान्सचीही मर्जीच होती.

२००५ मध्ये रेनोची ती फिल्म अमेरिकेने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करण्याच्या यादीत घेतली. मे २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जॉन्सनला मरणोत्तर माफी दिली. शिकागोच्या ग्रेसलँड स्मशानभूमीत तो एट्टाच्या शेजारी पुरला आहे; त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षे त्याचे नावही नव्हते.